लुंबिनी... व्हाया भुसावळ!

लाँग वीकेंडला जोडून चार रजा मिळाल्या की आपण काय करतो? मोबाइल काढतो आणि फ्लाइट शोधतो. ट्रेनचा विचारही मनात येत नाही. मुंबई-पुण्यात ते खपूनही जातं. पण तुम्ही अकोल्याचे असाल, तर आधी साधा प्रश्न... विमानापर्यंत जायचं कसं?

आमच्या घरी हा प्रश्न आला तो आजीमुळे. वय ७६. १४ ऑक्टोबर १९५६ला तिचे वडील रेल्वेनं नागपूरला दीक्षेला गेले होते. तेव्हापासून घरात बुद्धाचा फोटो आहे आणि आजीच्या मनात लुंबिनी. पासपोर्ट नाही, विमान कधी आतून पाहिलेलं नाही, आणि गुडघे तर विचारूच नका. हा तिचा पहिला परदेश. कदाचित एकुलता एक.

दादा अमरावतीला बँकेत. त्याचा प्लॅन एकदम कॉर्पोरेट! नागपूर-दिल्ली-काठमांडू-भैरहवा, तीन विमानं. ‘बाबासाहेबही नोव्हेंबर १९५६मध्ये काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत बोलले होते, तेही शहर आजीला दाखवू,’ हे त्याचं सेंटिमेंटल कार्ड. गेल्या वर्षी, म्हणजे १६ एप्रिल २०२५ला, बेलोऱ्याहून मुंबईचं ७२ सीटचं विमान सुरू झाल्यापासून अमरावतीकरांची कॉलर जरा ताठच आहे. आम्ही अकोलेकर शिवणीच्या धावपट्टीकडे बघत बसलोय.

मग मी वही काढली. अकोला ते नागपूर अडीचशे किलोमीटर. एअरपोर्टवर दोन-तीन तास आधी. दिल्लीत थांबा, काठमांडूत मुक्काम, सकाळी पुन्हा विमान. हवेत आपण जेमतेम पाच तास, आणि दारापासून दारापर्यंत एक दिवस उलटून जातो. आता ट्रेन. अकोल्याहून भुसावळ दोन तास. तिथून कुशीनगर एक्स्प्रेसनं गोरखपूर, साधारण एक दिवस-रात्र. पुढे सोनौली बॉर्डर शंभरेक किलोमीटर आणि लुंबिनी आणखी तीसेक. म्हणजे दीड दिवस. फरक किती? फक्त काही तासांचा! तिकिटांचा फरक मात्र चांगलाच जाणवणारा.

कागदपत्रांचंही एक गणित असतं. नेपाळला विमानानं जाताना आपल्यासारख्यांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं, आधार चालत नाही. पासष्टीपुढच्यांना सवलत आहे, वय आणि ओळख सांगणारं फोटोचं कार्ड पुरतं. म्हणजे आजीचा रस्ता दोन्हीकडून मोकळा.

राहिले गुडघे. एअरपोर्टवर सांगून ठेवलं की व्हीलचेअर मिळते. ट्रेनमध्ये लोअर बर्थ मिळेल, पण चालत्या डब्यात रात्री दोनदा टॉयलेटपर्यंत कोण नेणार? आई म्हणाली, ‘विमानच बरं.’ मीही जवळजवळ मान डोलावली होती. तेवढ्यात आजी म्हणाली, ‘काऊन वं पोरी, घाई कोनाले हाय? सुटी तुमची सरते, माही नाई. अन् ते बॉर्डर म्या पायानं वलांडीन.’

सगळे गप्प. आम्ही रजा मोजत होतो, ती वाट मोजत होती.

शेवटी तोडगा निघाला. जाताना ट्रेन, येताना गोरखपूरहून दिल्लीमार्गे नागपूरपर्यंत विमान. जाताना उत्साह असतो, येताना गुडघे बोलायला लागतात! दादाची रजाही वाचली आणि आजीची कमानही.

आणि कमान तिनं खरंच पायी ओलांडली. एका हातात काठी, दुसऱ्या हातात मी. पलीकडे दादानं घड्याळ पंधरा मिनिटं पुढे केलं. लुंबिनीत अशोकस्तंभापुढे ती बराच वेळ उभी राहिली. बसायला सांगितलं तरी बसली नाही.

तेव्हा मंडळी, पुढच्या ट्रिपचं बुकिंग करताना हवेतले तास मोजू नका, दारापासून दारापर्यंतचे मोजा. आणि सोबत घरचं मोठं माणूस असेल, तर त्याला आधी विचारा, पोचायचंय की जायचंय?