भार कोणत्या पायावर?

गोल्फचा टोला हे हातांचे काम, अशी पाहणाऱ्याची सहज समजूत होते. काठी हातात असते आणि वाहवा होते ती चेंडूच्या झेपेची. पायांकडे कोणी पाहत नाही. परंतु बडोद्यास लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातील मैदानावर जाणत्या खेळाडूंचा खेळ वरचेवर पाहिल्यावर, टोल्याचे बळ जमिनीपासून वर चढते, याविषयी आमची खात्री पटली.

उजव्या हाताने खेळणारा चेंडूसमोर उभा राहतो तेव्हा शरीराचा भार दोन्ही पायांवर साधारण सारखा असतो. काठी मागे नेताना धड वळते व भार उजव्या पायावर येतो. मात्र तो पावलाच्या आतील बाजूसच राहिला पाहिजे. बाहेरच्या कडेवर गेला की कंबर वळण्याऐवजी नुसती सरकते. खरे मर्म पुढेच आहे. काठी वर पुरती पोहोचते न पोहोचते तोच भार डावीकडे निघालेला असावा लागतो. आधी पाय व कंबर, मग खांदे, मग हात, आणि सर्वांच्या मागून काठी, असा हा क्रम आहे. चेंडूला काठी लागते त्या क्षणी भाराचा मोठा वाटा डाव्या पायावर असतो. टोला संपतो तेव्हा उजव्या पायाची केवळ बोटे जमिनीस टेकलेली दिसतात.

नवशिक्याचे नेमके उलट होते. चेंडू वर उचलावा म्हणून तो मागे रेलतो. भार उजव्या पायावर अडकतो आणि काठी चेंडूच्या आधी मातीत रुतते, किंवा त्याच्या माथ्यावरून घसरते. वास्तविक चेंडू उचलण्याचे काम काठीच्या तिरप्या मुखाने करावयाचे असते.

अमेरिकेचे विख्यात खेळाडू बेन होगन यांच्या मोटारीस २ फेब्रुवारी १९४९ रोजी टेक्सासमध्ये बसची धडक बसली. पत्नीला वाचविण्यासाठी त्यांनी तिच्या अंगावर झेप घेतली. त्यांचे कटीचे हाड मोडले आणि डावा घोटाही मोडला. टोल्याचा भार ज्या पायाने झेलावयाचा, तोच हा पाय! तरीही १९५० च्या जूनमध्ये, पायांना पट्ट्या गुंडाळून, त्यांनी मेरियन येथे अमेरिकेची खुली स्पर्धा जिंकली. पुढे १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात, काठी खाली आणण्याचा आरंभ कंबर डावीकडे वळवून करावा, असेच त्यांनी शिकविले.

या गोष्टीचे मोल आम्हांस दोन वर्षांपूर्वी उमगले. आमचाही डावा घोटा मोडला होता. प्लास्टर निघाले, हाड सांधले. तरी पाऊल टाकताना अंग आपोआप उजवीकडे झुके. व्यायाम शिकविणारी मुलगी रोज म्हणे, “काका, वजन त्याच पायावर टाका. तो धरील तुम्हांला.” पाय बरा झाला होता, भय मात्र बरे व्हावयाचे होते. ते जावयास आणखी सहा आठवडे लागले.

ज्यांस हा खेळ शिकावयाचा आहे, त्यांनी टोला मारून झाल्यावर उजवे पाऊल उचलून पाहावे आणि डाव्या पायावर तीन अंक मोजेपर्यंत उभे राहावे. तोल राहिला तर भार योग्य जागी पोहोचला. न राहिला तर हातांना दोष देऊ नये. दुसऱ्या पायावर विसंबण्याचा सराव मात्र वाढवावा.