लॅमिनेटची जमीन

पाऊस सुरू झाला, की माझा जीव बेडरूमच्या लॅमिनेट फ्लोअरिंगमध्ये अडकतो. वरून सागवानी दिसतं, पण ती नक्षी छापील कागदाची. तिच्यावर मेलामाइनचा पारदर्शक थर आणि खाली दाबून घट्ट केलेले लाकडाचे तंतू. नाजूक असतात ते हेच. सांध्यांतून पाणी मुरलं, की ते फुगतात, कडा वर येतात आणि पुन्हा पहिल्यासारख्या बसत नाहीत. म्हणून इथे मी बादली आणतच नाही. आधी मऊ झाडू, कारण पायांबरोबर आलेली वाळूच ओरखडे काढते. मग घट्ट पिळलेलं मायक्रोफायबरचं फडकं. मेण, पॉलिश नको. वाफेचा मॉप तर नकोच. सांडलेलं पाणी लगेच टिपायचं. कामाला येणाऱ्या मावशींनाही यामागचं कारण नीट समजावून सांगा.