काटोलहून मेडिकलला जाताना

काटोल तालुक्यातल्या माणसाला नागपूरचे 'मेडिकल' म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. साप चावला, बाळंतीण अडली, संत्री तोडताना शिडीवरून पडून कंबर मोडली की गावच्या दवाखान्यातून चिठ्ठी मिळते आणि गाडी नागपूरच्या रस्त्याला लागते. साठेक किलोमीटरचे अंतर. नोकरी सांभाळून समाजाचे काम करताना अशा चिठ्ठ्या घेऊन मी कितीदा गेलो, याचा हिशेब नाही. आपल्या वस्तीतल्या जवळजवळ प्रत्येक घराने मेडिकलच्या व्हरांड्यात एक तरी रात्र काढली आहे.

आता मात्र आपली काही मुले-मुली दुसऱ्या कामासाठी तिथे जाऊ लागली आहेत. 'नीट'च्या ७२० गुणांच्या परीक्षेतून पार पडून ती एम.बी.बी.एस.ला लागतात. मुलगा लागला की घरात पेढे वाटले जातात, वस्तीत सत्कार होतो, आणि चार दिवसांनी बाप हळूच येऊन विचारतो, "भाऊ, आता पुढं काय करा लागते?" त्या बापासाठी आणि त्याच्या लेकरासाठी हा लेख आहे.

जायचे रस्ते दोन. रेल्वेने गेलात तर इटारसी लाईनवरची गाडी कळमेश्वर करीत नागपूर स्टेशनात पोचवते. स्टेशनपासून जवळच 'मेयो' आहे. लॉर्ड मेयो या इंग्रज व्हाइसरॉयच्या नावाने लोक आजही त्या दवाखान्याला ओळखतात. तिथले कॉलेज १९६८ चे. त्याचे आजचे नाव इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. एस.टी.ने गेलात तर गणेशपेठच्या स्टँडवर उतरून बैद्यनाथ चौकाकडून मेडिकल चौकात जाता येते. मेडिकलचे कॉलेज १९४७ चे, म्हणजे स्वातंत्र्याच्याच वर्षाचे. पाहुण्या माणसाला पहिल्या दिवशी दिशा कळत नाही, एवढा त्याचा आवार मोठा. विदर्भ तर येतोच, शिवाय छिंदवाडा, शिवनी, बालाघाटकडचे रोगीही तिथे येतात. शहराच्या बाहेर मिहानला २०१८ पासून एम्सही सुरू झाले आहे. कॉलेज कोणतेही मिळो, पुढे जे सांगतो ते बहुतेक सगळीकडे लागू आहे.

मात्र गाडीत बसण्याआधीची एक गोष्ट. जात वैधता प्रमाणपत्राचे काम अकरावीतच सुरू करा. आपल्याकडे लोक निकाल लागल्यावर धावपळ करतात आणि समितीच्या दारात रांग लागलेली असते. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा विचारतात. आजोबा-पणजोबांचा शाळेतला दाखल-खारीजचा उतारा किंवा कोतवाल बुकातली नोंद शोधावी लागते. जुन्या शाळेत कपाटाच्या खालच्या खणात वाळवी लागलेली रजिस्टरे असतात. ती काढायला लावणे हे एका फेरीचे काम नाही. आणखी एक बारीक पण महत्त्वाची बाब अशी की, १९९० च्या कायदा दुरुस्तीने बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळाल्या, पण केंद्राच्या जागांसाठीचा दाखला वेगळ्या नमुन्यात लागतो आणि त्यात मूळ जातीची नोंद असावी लागते. अखिल भारतीय कोट्यातून अर्ज करणाऱ्याने तो तहसीलमधून वेगळा काढून ठेवावा. अधिवास, उत्पन्न, शाळा सोडल्याचा दाखला हे तर आहेच. प्रत्येकाच्या पाच-पाच झेरॉक्स करा आणि मूळ कागद कुणाच्याही हाती पोच घेतल्याशिवाय सोडू नका. माझी उभी नोकरी कागदांत गेली आहे, म्हणून हे जरा जोर देऊन सांगतो.

पैशाचेही इथेच सांगून टाकतो, बी.कॉम. झालेल्या माणसाला जमा-खर्च बोलल्याशिवाय राहवत नाही. घरचे उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकारच्या शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा, आणि तो दरवर्षी नव्याने चालू ठेवायचा. दुसऱ्या वर्षी नूतनीकरण राहून गेलेली मुले मी पाहिली आहेत. वसतिगृह मिळाले नाही तर २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. नागपुरात राहणाऱ्याला तीत जेवण, निवास आणि निर्वाह मिळून वर्षाला ६०,००० रुपये धरले आहेत, आणि मेडिकलच्या विद्यार्थ्याला साहित्यासाठी वर ५,००० रुपये. पण सरकारी पैसा हप्त्याने आणि उशिरा येतो. म्हणून पहिल्या तीन-चार महिन्यांची मेस आणि खोलीची सोय घरूनच करून ठेवा. पुस्तके सगळी नवी घेऊ नका. चौरसियांचे शरीररचनेचे पुस्तक सीनियर मुलांकडे जुने मिळते. मागासवर्गीयांसाठी पुस्तकपेढी आहे का, हे ग्रंथालयात पहिल्याच आठवड्यात विचारा. सत्कार करणाऱ्या मंडळांनाही एक विनंती आहे. शाल आणि पुष्पगुच्छ कपाटात पडून राहतात. त्याच पैशात दोन पांढरे ॲप्रन आणि एक स्टेथोस्कोप येतो.

आता कॉलेजाच्या आत येऊ. अभ्यास साडेचार वर्षांचा, त्यावर एक वर्ष इंटर्नशिप. पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन असे तीन विषय. तासांना ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के हजेरी लागते. घरी लग्न आहे, नामकरण आहे म्हणून मुलाला दर आठवड्याला काटोलला बोलावू नका. सगळ्यांना धास्ती असते ती डिसेक्शन हॉलची. फॉर्मॅलिनचा वास डोळ्यांत झोंबतो, पहिल्या दिवशी काहींना भोवळ येते. उपाशीपोटी जाऊ नये, आणि भोवळ आली तर लाजू नये. टेबलावरचा देह कुणी तरी मरणोत्तर दान केलेला असतो, नाही तर बेवारस गरिबाचा असतो. दवाखान्याच्या व्हरांड्यात ज्यांचे कुणी नसते अशी माणसे आपण पाहिलेली आहेत. त्या टेबलापाशी थट्टा-मस्करी चालली असेल तर आपल्या मुलाने त्यात पडू नये.

मुले सगळ्यात जास्त खचतात ती इंग्रजीपायी. दहावीपर्यंत जिल्हा परिषदेत किंवा मराठी माध्यमात शिकलेला मुलगा वर्गात बसतो, आणि शेजारचा कॉन्व्हेंटचा मुलगा फाडफाड उत्तरे देतो. याला वाटते, आपण चुकून इथे आलो. असे काही नाही. शरीरातल्या नसांची आणि स्नायूंची नावे बहुतेक लॅटिन-ग्रीक आहेत. ती त्या कॉन्व्हेंटवाल्यालाही नवीच असतात. एक वही करा. रोजचे वीस शब्द, अर्थासह, मोठ्याने म्हणून. तोंडी परीक्षेत तोंड उघडावे लागते. म्हणून खोलीतल्या मित्रासमोर उभे राहून उत्तर देण्याची सवय पहिल्या महिन्यापासून लावून घ्या. समजले नाही तर सरांना तासानंतर भेटा. आपली मुले मागच्या बाकावर बसतात आणि विचारत नाहीत, ही खोड मोडलीच पाहिजे.

उलट बाजूही पाहा. सुरुवातीला जो फाउंडेशन कोर्स असतो, त्यात मराठी न येणाऱ्यांना मराठी शिकवावी लागते. एका मोठ्या दवाखान्यात मी पाहिलेले सांगतो. खेड्यातली म्हातारी डॉक्टरला म्हणत होती, "पोटात गुबारा धरून रायला बाप्पा, अन् अन्नच जात नाई." बाहेरून आलेला तो तरुण डॉक्टर तिच्या तोंडाकडे पाहत राहिला. शेवटी आपल्या तालुक्यातली, पहिल्या वर्षाला असलेली पोर पुढे झाली आणि तिने त्याला सगळे समजावले. गुबारा कधीपासून, भूक कशी, उलटी होते का, हेही तिनेच विचारून घेतले. रोग्याशी बोलून माहिती काढणे हा डॉक्टरकीचा अर्धा भाग आहे, आणि तो भाग आपल्या लेकरांना आईच्या दुधाबरोबर मिळालेला आहे. अलीकडे अभ्यासक्रमात खेड्यातली काही कुटुंबे दत्तक घेऊन त्यांच्या तब्येतीवर लक्ष ठेवण्याचे कामही आले आहे. ओट्यावर बसून चहा घेत विचारपूस कशी करावी, हे काटोलच्या पोराला कुणी शिकवायला नको. ते लपवू नका. रूममेटला गावाचे नाव सांगताना चाचरू नका.

वसतिगृहात पहिल्या आठवड्यात एक प्रश्न येतोच : "नीटला किती होते?" त्याच्या पाठोपाठ दुसरा : "कॅटेगरीतून का?" प्रश्न साधा दिसतो, पण तो का विचारला हे विचारणाऱ्याला पक्के ठाऊक असते. उत्तर एका वाक्यात, शांतपणे द्यावे : हो, कॅटेगरीतून. त्यापुढे खुलासा देत बसू नये. प्रवेशाला राखीव जागा आहेत. विद्यापीठाच्या परीक्षेत पास होण्याची रेषा मात्र सर्वांना एकच आहे. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची पदवी घेऊन जो बाहेर पडतो, तो त्याच पेपरांतून पडतो.

सगळीकडे असेच होते, असे मी म्हणत नाही. चांगले मित्र, जीव लावणारे शिक्षक भरपूर भेटतात. पण डोळे झाकूनही चालणार नाही. दिल्लीच्या एम्सबद्दल तक्रारी आल्या तेव्हा २००६ साली आपल्या अमरावती जिल्ह्यातले प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. वसतिगृहात मुलांना वेगळे पाडले जाते, शिक्षक पुरेसा वेळ देत नाहीत, असे अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांनी त्या समितीला सांगितले. आणि २२ मे २०१९ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेणारी आदिवासी मुलगी डॉ. पायल तडवी हिने जीव दिला. तिचा छळ केल्याबद्दल तीन वरिष्ठ महिला डॉक्टरांवर गुन्हा दाखल झाला. आपल्या घरातल्या मुलीला हे नाव माहीत असले पाहिजे. तिला भीती घालायला नव्हे, तर त्रास वाढायच्या आत तिने बोलावे म्हणून.

बोलावे कसे, तेही सांगतो. तोंडी तक्रार हवेत विरते. अर्ज लेखी करा. तारीख, वेळ, जागा, कोण काय बोलले, कोण हजर होते, हे चार ओळींत लिहा. अधिष्ठात्यांच्या कार्यालयात आवक विभागात द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक आणि सही घ्या. पोच असलेला अर्ज दाबणे कोणत्याही ऑफिसला कठीण जाते. राज्यात १९९९ चा रॅगिंग प्रतिबंध कायदा आहे. तक्रार आल्यावर सात दिवसांत चौकशी करणे संस्थेच्या प्रमुखावर बंधनकारक आहे. देशभराची मोफत हेल्पलाईनही आहे : १८००-१८०-५५२२. जातीवरून अपमान झाला तर ॲट्रॉसिटीचा कायदा वेगळा आहेच. मोबाईलमधले संदेश पुसू नका.

घरच्यांनीही फोनवर "अभ्यास कसा चालला?" एवढेच विचारू नये. "जेवलीस का? झोप येते का? खोलीत कोण आहे?" असेही विचारावे. पहिल्या सहामाहीत नापास झाली तर "साऱ्या वस्तीत नाक कापलं" असे तर तोंडातून निघताच कामा नये. पहिल्या परीक्षेत अडखळलेली किती तरी मुले पुढे चांगली डॉक्टर झाली आहेत. मुलगी फोनवर नुसतीच "ठीक आहे, ठीक आहे" म्हणू लागली की बापाने सकाळची गाडी धरावी. आंब्या बहाराची संत्री निघाली असतील तर दोन डझन पिशवीत घ्यावीत, तिच्यासाठी आणि खोलीतल्या पोरींसाठीही. कॅन्टीनला तिच्यासोबत चहा घ्यावा, तिच्या मैत्रिणींशी बोलावे, वॉर्डनला नमस्कार करून आपला फोन नंबर देऊन यावे. जुने कपडे आहेत म्हणून गेटबाहेर उभे राहू नये. रोग्यासोबत इतक्या वेळा आत गेलो, तर लेकीसाठी आत जायला कसला संकोच?