आत्तीनं राखलेल्या बाभळी

माझ्यावर कुणाकुणाचं देणं आहे हे मोजायला बसलो, तर माणसांच्या बरोबरीनं मंगळवेढ्याकडच्या आमच्या काळ्या रानातल्या बाभळी येतात. त्या बाभळी टिकल्या आमच्या आत्तीमुळं. ती लहान वयात विधवा होऊन माहेरी आली होती. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं, पण भावाच्या शेतीचा सगळा कारभार तिच्या जिवावर चालायचा.

आमच्याकडं पाऊस वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटर, तोही लहरी. परतीच्या पावसानंतर वाफसा आला की मालदांडी पेरायची आणि पुढं जमिनीतल्या ओलीवर ती कणसात येईल ती खरी. एवढ्याशा ओलीत झाड म्हणजे वाटेकरीच. बाभळीलगतची दोन-तीन तासं कायम खुरटी राहायची. वडील कुरकुरले की आत्ती म्हणायची, "खाऊ दे की. आपल्याला कमी पडलं तर ते देतंय, कुणाची भाकरी ते फुकट खात न्हाय."

पण झाडाला तिनं मोकाट सोडलं नव्हतं. पेरणीच्या आधी गड्याला हाताशी धरून ती बगलेच्या फांद्या छाटून घ्यायची. पिकाला ऊन मिळायचं, पाला शेळ्यांना जायचा आणि काट्यांचं कुंपण व्हायचं. सरळ वर जाणारी रामकाठी रानात ठेवायची, ऐसपैस पसरणारी बाभूळ फक्त बांधावर. सावली शेजाऱ्याच्या रानात जायची, म्हणून त्यानं भांडण काढायच्या आत शेंगांचं एक पोतं त्याच्या दारात पोचतं करायची.

यातली एकही बाभूळ कुणी लावलेली नव्हती. उन्हाळ्यात शेळ्या शेंगा खायच्या आणि रात्री रवंथ करताना टणक बिया तोंडातून टाकून द्यायच्या. काही बिया पोटातून लेंड्यांबरोबर पडायच्या. पोटातून गेलेलं बी लवकर रुजतं, हे आत्तीला ठाऊक होतं. सकाळी गोठा झाडताना त्या काळपट बिया खराट्यापुढं खडखडत जायच्या, उकिरड्यात पडायच्या आणि खताबरोबर रानात यायच्या. धनगराच्या मेंढ्या रानात बसवल्या की त्या वर्षीही रोपं दिसायची. औत धरायच्या आधी आत्ती रान फिरायची, नको ती उपटायची आणि हव्या त्या रोपाभोवती चार काट्या रोवायची. गड्यानं औत तिथून वळवून न्यायचं, एवढाच नियम.

तिचा शब्द मी खरा झालेला पाहिला तो 1972च्या दुष्काळात. रान पेरलंच गेलं नाही. वडील खडी फोडायला गेले, घरात मिलो ज्वारीची तांबडी भाकरी आली, बैल विकावे लागले. पुढच्या उन्हाळ्यात बाभळी मात्र शेंगांनी लगडल्या, कारण त्यांची मुळं ज्वारीच्या मुळांच्या कितीतरी खाली पोचलेली. दोन बियांमध्ये चिमटलेल्या त्या पांढुरक्या शेंगा आत्ती आकडीनं पाडायची आणि आम्ही पोरं गोळा करायचो. शेळ्या जगल्या, धाकट्या बहिणीला दूध मिळालं. खुरट्या तासांचं सारं येणं त्या एका उन्हाळ्यात वसूल झालं.

पुढं पुण्याच्या कृषी महाविद्यालयात माझा नंबर लागला, तेव्हा आत्तीनं बांधावरची एक जुनी बाभूळ सुताराला दिली. तिच्यातून कुणाच्या गाडीची चाकं झाली, कुणाचे कुळव झाले. माझी वह्या-पुस्तकं आणि खानावळ झाली. वर्गात शिकलो, की बाभूळ द्विदल कुळातली, तिच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात. पुढं नोकरीत असताना नायजरबद्दल वाचलं. तिथल्या शेतकऱ्यांनी 1980च्या दशकापासून बुंध्यांना आणि मुळांना आपोआप फुटलेले धुमारे राखून सुमारे 50 लाख हेक्टरांवर झाडं उभी केली. आपल्या सरकारचं कृषिवनिकी धोरण 2014मध्ये आलं. हे सगळं वाचताना मला आत्तीच्या त्या चार काट्या दिसायच्या.

पहिला पगार तिच्या हातात ठेवला तेव्हा तिनं तो मोजलासुद्धा नाही. "मला काय करायचंय पैशाचं?" म्हणाली. "बाभूळ गेली तिथं दोन रोपं आल्यात. नांगरट तुझ्या हातात आली, की तेवढी बघून कर."

ती गेली, वाटण्या झाल्या. भावकीतल्या बऱ्याच जणांनी बांध साफ केले, आणि त्यांना मी दोष देत नाही. ट्रॅक्टरला सरळ रान लागतं. माझ्या हिश्शात त्या दोन्ही बाभळी मोठ्या झाल्या आहेत. दरवर्षी नांगरटीआधी मी रान फिरतो, नव्या रोपांना काट्या लावतो. ट्रॅक्टरवाला वळसे घ्यायचे जादा पैसे मागतो. ते मी घासाघीस न करता देतो. आत्तीचं देणं फेडायची तेवढीच वाट तिनं मला ठेवली आहे.