बुडालेलं मशीन

खाऱ्या पाण्यात बुडालेलं डिझेल मशीन पाण्यात असेपर्यंत बऱ्यापैकी सुरक्षित असतं. बंदरावर हे सांगितलं की लोकांना पटत नाही. पण पाण्याखाली लोखंडाला प्राणवायू फार थोडा मिळतो. बोट वर आली, ओल्या लायनरला मोकळी हवा लागली, की गंज धावत सुटतो. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, आणि पाणी सुकलं तरी ते मीठ जागचं हलत नाही. सकाळी काढलेल्या मशीनचं वरचं कव्हर संध्याकाळी उघडलं तर रॉकरवर तांबूस भुकटी दिसते. त्यामुळे कुणी फोन करून "आज काढू का?" विचारलं, तर माझा उलटा प्रश्न असतो: गोडं पाणी, ऑईल, डिझेल, दोन हाताखालची माणसं तयार आहेत का? नसतील आणि बोट लाटेत आपटत नसेल, तर आणखी एक रात्र राहू दे खाली. लहान होडीचं आउटबोर्ड असेल तर काम सुरू होईपर्यंत ते गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवायला सांगतो.

१६ मे २०२१ला तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्यालगत उत्तरेकडे सरकलं. १ जूनच्या मासेमारी बंदीला पंधरवडा होता, म्हणून बऱ्याच बोटी अजून पाण्यात होत्या. खाडीत आसऱ्याला आणलेली एक सहा सिलिंडरची बोट उधाणात भरली आणि गाळावर बसली. ओहोटीला पाणी उपसून ती उभी केली तेव्हा नाखवा केबिनमध्ये चावीशी उभा होता.

"मिस्त्री, एकदा सेल्फ मारून बघूया? निदान कळेल तरी."

"नको नाखवा. आधी बॅटरीची वायर काढा."

त्यांची तगमग मला समजत होती. बोटीवर कर्ज होतं, खलाशांचे पैसे द्यायचे होते. पण बुडालेल्या मशीनला सगळ्यात मोठा धोका त्या चावीचाच असतो. डिझेल मशीनमध्ये पिस्टन वर येताना हवा सोळा-अठरा पटीने दाबली जाते. हवा दबते, पाणी दबत नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला तर पिस्टन मध्येच अडतो आणि सगळा जोर कनेक्टिंग रॉडवर येतो. रॉड तिथेच मोडला तर निदान कळतं तरी. किंचित वाकला तर मशीन चालू होतं, सगळे खूश होतात, आणि पुढे कधीतरी खोल समुद्रात तोच रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. म्हणून कुणी आधीच सेल्फ मारला असेल तर मी हेड काढल्याशिवाय राहत नाही. प्रत्येक पिस्टन पूर्ण वर आणून ब्लॉकच्या कडेपासून मोजतो. एखादा बाकीच्यांपेक्षा खाली राहिला की तो रॉड बाद.

सेल्फ मारला का, हे विचारून नेहमी खरं कळतंच असं नाही. ऑईल मात्र सांगतं. ऑईल चेंबरचा बोल्ट पूर्ण न काढता हळूहळू सैल करायचा. मशीन फिरलेलं नसेल तर जड असल्यामुळे पाणी तळाशी बसलेलं असतं; आधी ते स्वच्छ धारेने येतं, मग मध्येच धार काळी होते आणि ऑईल सुरू होतं. फिरवलेलं असेल तर दोन्ही घुसळून दुधाच्या चहासारखा घट्ट लगदा येतो. त्या बोटीत धार आधी पाण्याची आली. मला हायसं वाटलं.

मग सगळे नोझल काढले आणि फ्लायव्हील पहारीने, हाताने फिरवलं. भोकांतून पाण्याचे फवारे उडाले. खाडीचं पाणी असल्याने त्यात गाळ होता, म्हणून चेंबर खाली उतरवणं भाग होतं. तळाला बोटभर चिखल बसला होता. तो तिथेच राहू देऊन नुसतं ऑईल बदलणारे मिस्त्री मी पाहिलेत. तो चिखल पुढे बेअरिंग खातो. मशीन आतून-बाहेरून गोड्या पाण्याने धुवायचं, आणि मे महिन्यात कोकणात तेच मिळवणं सगळ्यात अवघड. विहिरी तळाला गेलेल्या. पाणी टँकरने आणावं लागलं, आणि वाडीतल्या बायका हंडे घेऊन उभ्या असताना ते मशीनवर ओतणं मला जड गेलं. पाण्यामागून डिझेल, डिझेलमागून प्रत्येक सिलिंडरमध्ये ऑईल, आणि पुन्हा हाताने फेरे.

डिझेल पंप मी किनाऱ्यावर उघडत नाही. त्यातले एलिमेंट मायक्रॉनच्या हिशेबात बसवलेले असतात. वाळूचा कण पुरे होतो. पंप डिझेलमध्ये बुडवून पंपवाल्याकडे पाठवायचा. सेल्फ आणि डायनमो धुऊन, खोलून, सुकवायचे. बॅटरीत खारं पाणी गेलं तर क्लोरीन वायू सुटतो, म्हणून ती आधी उघड्यावर न्यायची. वायरिंगवर मात्र वेळ घालवावा लागतो. वायर बाहेरून कोरडी, चकचकीत दिसते, पण खारं पाणी आवरणाच्या आतून तारेतारेने वर चढलेलं असतं. टोक सोललं की तांबं काळं. चार बोटं पुढे कापलं, तरी काळं. आणखी कापलं, हिरवट. लालसर तांबं लागेपर्यंत कापत जायचं. कितीदा पूर्ण वायरच टाकावी लागते, आणि नाखव्याला तो खर्च फुकट वाटतो.

मशीन चालू झालं की लोक नारळ फोडायच्या गोष्टी करतात. माझं अर्धं काम तिथून पुढे असतं. आधी ऑईलच्या काट्याकडे नजर ठेवून थोडा वेळ मंद चालवायचं, बंद करायचं, ऑईल गरम असतानाच काढायचं, फिल्टरसकट बदलायचं. दुधाळपणा जाईपर्यंत पुन्हा पुन्हा. ऑईलचे डबे मोजत बसलं की हे काम अर्धवट राहतं.

त्या बोटीपुढे आणखी एक अडचण होती. ३१ जुलैपर्यंत बंदी. बोट वर ओढून शाकारायची, आणि पावसाच्या दमट हवेत मशीन दोन महिने गप्प राहणार. नुकतं बुडून उठलेल्या मशीनला लोडवर लांबवर चालणं हवं असतं, आतली उरलीसुरली ओल जाण्यासाठी. ते शक्य नव्हतं, म्हणून कूलिंग पंपाचा पाइप गोड्या पाण्याच्या पिंपात सोडून दर काही दिवसांनी मशीन चांगलं गरम होईपर्यंत चालवायला तांडेलाला सांगितलं. गिअर न्यूट्रलला, कारण पाण्याबाहेर शाफ्टचा बुश कोरडा असतो, पंखा फिरवला तर जळतो. पाऊस असला तरी चुकवायचं नाही, हेही बजावलं. त्याने चुकवलं नाही. ऑगस्टमध्ये बोट पाण्यात उतरण्याआधी मी काठी ओढून बघितली, ऑईल स्वच्छ होतं. तरी पहिल्या फेऱ्या किनारा दिसेल इतक्याच अंतरावर करा आणि रोज निघण्याआधी काठी बघा, असं सांगून मी माझी हत्यारं उचलली.