सही ओंटारियोत, फ्लॅट कोथरुडात

प्रिय मीनल,

तुझा फोन झाल्यापासून डोक्यात तेच घोळतंय, म्हणून लिहायलाच बसले. काकांचा फ्लॅट विकायचं तू आणि महेशने एकमताने ठरवलंत, फार बरं वाटलं. बंद घराची रया जाते गं, आणि सोसायटीची बिलं काही थांबत नाहीत.

तुझ्या अर्ध्या हिश्शाचं कुलमुखत्यारपत्र महेशच्या नावे करायचं, हा विचारही योग्य. पण "इथल्या नोटरीचा शिक्का मारून पाठवते" असं तू सहज म्हणालीस, तिथे मी थांबले. वकिलांच्या ऑफिसात इतकी वर्षं हेच कागद हाताळतेय, तेव्हा थोडं सविस्तर सांगू दे.

परदेशात राहणाऱ्या माणसाने तिथल्या नोटरीसमोर सही केलेलं मुखत्यारपत्र आपल्याकडे चालतं. १९०८च्या नोंदणी कायद्याच्या कलम ३३मध्ये तशी सोय आहे. भारतीय वाणिज्य दूतावासातल्या अधिकाऱ्यासमोर सही करण्याचा मार्गही त्यातच आहे. मात्र "दिवाळीत येईन तेव्हा शिवाजीनगर कोर्टाबाहेरच्या नोटरीकडे उरकू" असं म्हणू नकोस. इथे राहून केलेल्या मुखत्यारपत्रावर महेशला खरेदीखत नोंदणीला सादर करायचं असेल, तर ते दुय्यम निबंधकासमोरच व्हावं लागतं. तिथे नोटरीचा शिक्का पुरत नाही.

तर ओंटारियोतल्या नोटरीकडे जा. पासपोर्ट ने. सही घरी करून नेऊ नकोस, त्यांच्या डोळ्यांदेखत कर. प्रत्येक पानावर सही, शेवटी फोटो आणि दोन साक्षीदार असं आम्ही मागतो. तुझं नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच मुखत्यारपत्रात हवं. लग्नाआधीचं नाव सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत हे त्यातच लिहून घ्यायचं. नोटरीने ओळखपत्र नीट पाहिलं, दोन प्रश्न विचारले, तर वैतागू नकोस. मला तर न विचारणाऱ्याचीच भीती वाटते. समोर बसलेली बाई खरोखर मीनलच आहे आणि ती स्वखुशीने सही करते आहे, एवढ्यासाठीच तर तो माणूस तिथे आहे.

पण तुमच्या नोटरीची सही खरी की खोटी, हे पुण्यातल्या निबंधकाने ओळखायचं कसं? त्यासाठी अपोस्टिल. १९६१च्या हेग करारातून आलेलं हे एक चौकोनी प्रमाणपत्र, दहा क्रमांकित नोंदींचं. भारतात हा करार २००५पासून लागू आहे, पण कॅनडात तो ११ जानेवारी २०२४ला आला. त्याआधी तुमच्याकडच्या लोकांना आधी सरकारी प्रमाणीकरण आणि मग भारतीय दूतावासाचा शिक्का, अशी दुहेरी फेरी होती. आता ओंटारियो सरकारच्या कार्यालयातून अपोस्टिल मिळतं. त्या कार्यालयाकडे नोटरीच्या सहीचा नमुना नोंदलेला असावा लागतो, तेव्हा आधीच विचारून घे. अपोस्टिल जोडून मिळालं की स्टेपल काढू नकोस, झेरॉक्ससाठीसुद्धा नाही. पानं सुटी झाली की शंका येते.

मूळ प्रत कुरिअरने महेशकडे पाठव आणि त्याला पाकीट जपून ठेवायला सांग. परदेशात केलेला दस्त भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं असतं, आणि तो कधी आला हे दाखवायला ते पाकीटच कामी येतं. या टप्प्यावर लोक हमखास चुकतात. कपाटात ठेवलेलं मुखत्यारपत्र गिऱ्हाईक मिळाल्यावर बाहेर निघतं, तेव्हा मुदत टळलेली असते. महेश सख्खा भाऊ आहे आणि मोबदला काही नाही, म्हणून शुल्क नाममात्र. हेच एखाद्या ओळखीच्या एजंटाच्या नावे केलं असतंस, तर महाराष्ट्रात खरेदीखताइतकं शुल्क लागलं असतं.

आता खरं सांगायचं ते. नोटरी आणि अपोस्टिल, दोन्ही मिळून एवढंच सांगतात की सही तुझी आहे आणि नोटरी नोटरीच आहे. आत काय लिहिलंय ते शहाणपणाचं आहे का, हे कोणी बघत नाही. "माझ्या सर्व मिळकतींबाबत सर्व अधिकार" असं वाक्य असलं तरी त्यावर तितकाच देखणा शिक्का बसतो. माझ्यासमोर अशी मुखत्यारपत्रं येतात आणि पोटात गोळा येतो. सही करणारा हजारो मैलांवर असतो, आणि त्याच्या नावाने इथे कर्जही काढता येईल असा मजकूर असतो. महेशबद्दल माझ्या मनात तीळभर शंका नाही, हे तुला वेगळं सांगायला नको. तरी मजकूर आखीव असावा: हाच फ्लॅट, तुझा अर्धा हिस्सा, अमुक रकमेच्या खाली विकायचा नाही, पैसे थेट तुझ्या एनआरओ खात्यात, आणि अधिकार दुसऱ्याला सोपवता येणार नाही. यात महेशचंही रक्षण आहे. उद्या कुणी बोट दाखवलं तर त्याला दस्त पुढे करता येईल.

आणखी एक. कोणी सुचवेल की खरेदीखत नको, गिऱ्हाइकाच्याच नावे मुखत्यारपत्र करून टाका. मुळीच ऐकू नकोस. नुसत्या मुखत्यारपत्राने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११मध्ये सूरज लॅम्प खटल्यात स्वच्छ सांगितलंय.

मसुदा कोणाच्या तरी जुन्या दस्तावरून उतरवू नकोस. शेअर सर्टिफिकेट आणि काकांच्या खरेदीखताचा इंडेक्स टू स्कॅन करून मला पाठव. आमच्या वकीलसाहेबांकडून मराठी-इंग्रजी दोन्ही मसुदे तपासून देते. ते हातात आले की मगच नोटरीची वेळ घे.

तुझी,
शुभदा