वडाच्या पोटातलं फूल

आमच्या लहरीपुऱ्यातल्या घरी कुणी बऱ्याच दिवसांनी आलं की आत्या ओट्यावरूनच म्हणायची, "काय रे, उंबराचं फूल झालास!" दाराबाहेर गुजराती, उंबरठ्याच्या आत मराठी, ही आमची बडोद्याची रीत, पण हे वाक्य ती शेजारच्या काकींनाही मराठीतूनच ऐकवायची आणि त्यांनाही ते कळायचं. उंबराला फूल येतच नाही का, असं मी लहानपणी तिला विचारलं होतं. "येतं," ती म्हणाली, "मध्यरात्री येतं. ज्याला दिसतं त्याचं भाग्य उजळतं."

पुढे माझं आयुष्य वनस्पतींची अंतर्रचना बघण्यात गेलं. पातळ काप घ्यायचा, रंग द्यायचा, काचपट्टीवर ठेवायचा आणि सूक्ष्मदर्शकावर वाकायचं. कॉलेजच्या पहिल्या वर्षी प्रात्यक्षिकाला कच्चं उंबर आलं. ब्लेडने ते मधोमध कापलं, भिंग लावलं आणि मी बघतच राहिलो. आतल्या पोकळीच्या भिंतीला चारी बाजूंनी बारीक फुलं दाटीवाटीने चिकटलेली होती, शेकड्यांनी, सगळ्यांची तोंडं आत. त्या संध्याकाळी वहीतलं चित्र आत्याला दाखवलं. चष्मा पुसून तिने ते निरखलं आणि म्हणाली, "म्हणजे ही फुलांची परडीच की, तोंड शिवलेली." पुढे कितीतरी वर्षं वर्गात मी तिचाच शब्द वापरला. पुस्तकातली व्याख्या मुलं परीक्षेनंतर विसरतात, परडी विसरत नाहीत.

दिवाळीच्या आदल्या दिवशी लहरीपुरा दरवाजापाशी झेंडूचे ढीग लागतात. घरी आणलेल्या झेंडूची एक 'पाकळी' अलगद उपटून बघा. तिच्या बुडाशी काळसर, काडीसारखा भाग येतो. तो अंडाशय, पुढे त्याचंच बी होतं. म्हणजे ती पाकळी नव्हे, ते अख्खं फूल आहे. आपण दाराला एक झेंडू लावतो तेव्हा फुलांची सभाच लावतो. पाकळ्यांकडे बघून फूल ओळखायची आपली सवय किती फसवी, हे झेंडू दरवर्षी सांगत असतो.

मग फूल म्हणजे काय? वाढ खुंटवून आखूड केलेला एक अंकुर, आणि त्यावर निरनिराळ्या कामांना जुंपलेली पानं. जर्मन कवी गटेने 1790 मध्ये हा विचार मांडला. त्यानंतर दोनशे वर्षांनी, 1991 मध्ये, जनुकांच्या तीन गटांवरून कुठल्या वळ्याची पाकळी होणार आणि कुठल्याचा पुंकेसर, याचा हिशेब लागला. हे डोळ्यांनी बघायचं तर सोनचाफा घ्या. पाकळ्या गळून गेल्या की मधला दांडा उरतो, आणि त्यावर हिरवे स्त्रीकेसर फांदीवरच्या पानांसारखे चक्राकार चढत गेलेले दिसतात. मटाराची शेंग शिवणीवर उकलून सपाट करा. मधल्या शिरेवर दुमडलेलं पान दिसेल, आणि दोन्ही कडांना दाणे. दिवाळीत घरी येणाऱ्या सीताफळाचा एकेक डोळा हा असाच एकेक मिटलेला स्त्रीकेसर. मुळात ते सुटे असतात, फळ वाढताना एकमेकांना चिकटतात. म्हणून पिकल्यावर डोळे सुटे होऊन हातात येतात आणि प्रत्येकात एकच बी निघतं.

सपुष्प वनस्पतींची खरी करामत या मिटण्यात आहे, असं मला कायम वाटत आलं आहे. बागेत शोभेसाठी लावलेला सायकस पाहा. त्याच्या मादीझाडाच्या शेंड्यावर पिवळट, लवदार पानांच्या कडांना बीजांडं उघडी लागलेली असतात. ऊन, वारा, किडा, सगळं थेट अंगावर. फुलझाडांनी त्या पानाच्या कडा जुळवल्या आणि बीजांडाला पोटात घेतलं. म्हणून त्यांचं शास्त्रीय नाव आवृतबीजी. आता परागकण थेट बीजांडावर पडू शकत नाही. त्याला आधी कुक्षीवर उतरावं लागतं, तिथे रुजावं लागतं, नळी काढून कुक्षिवृंतातून वाट करत खाली जावं लागतं. कुक्षी त्याला पारखते. परक्या जातीचा असेल तर नाकारते, आणि पुष्कळ झाडांत स्वतःचाच असेल तरीही. मराठीत कुक्षी म्हणजे कूस, पोट. परिभाषेत मात्र तो शब्द फुलाच्या तोंडाला मिळाला. माझ्या मते तो अंडाशयाला शोभला असता.

आत गेल्यावरचा व्यवहारही शहाणपणाचा आहे. 1898 मध्ये रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ नावाशिन यांनी दाखवून दिलं की परागनळीतून दोन पुंयुग्मकं येतात. एकापासून गर्भ होतो, दुसऱ्यापासून गर्भाचा शिधा. सायकस आपल्या बीजांडात शिधा आधीच भरून ठेवतो, मग फलन होवो न होवो. फुलझाड थांबतं, फलन झालं तरच कोठार भरायला घेतं. हे कोठार बघायला प्रयोगशाळा लागत नाही. लक्ष्मीपूजनाला नारळ फोडाल तेव्हा वाटीत धरलेलं पाणी म्हणजे तोच शिधा, अजून पेशींच्या भिंती न पडलेला. आणि खोबरं म्हणजे भिंती पडून घट्ट झालेला. गहू, तांदूळ, ज्वारी यांतही आपण मुख्यतः दुसऱ्याच्या बाळाचा हा डबाच खातो.

ही सगळी फुलझाडं पृथ्वीवर आली कधी? महाराज सयाजीरावांच्या कारकिर्दीत आमची कमाटी बाग 1879 मध्ये उभी राहिली. त्याच वर्षी जुलैमध्ये डार्विन आपल्या मित्राला, हूकरला, पत्र लिहून वैतागत होता की ही झाडं भूस्तरांत अशी एकाएकी, इतक्या वेगाने कशी पसरली, हे गूढ काही सुटत नाही. आज आपल्याकडे सुमारे 13 कोटी वर्षांपूर्वीचे त्यांचे परागकण आहेत, चीनमध्ये सापडलेले जुने अवशेष आहेत. पण मला ओढ आहे ती घराजवळच्या पुराव्याची. दख्खनचा लाव्हा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी थराथरांनी वाहिला. दोन थरांच्या मधल्या शांत काळात तळी साचली, आणि त्यांतली झाडं गारगोटीसारख्या दगडात जशीच्या तशी मुरली. छिंदवाडा जिल्ह्यातलं मोहगाव कलां हे असंच गाव. तिथल्या एका फळाला पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनींनी एनिग्मोकार्पॉन, म्हणजे कोड्यात टाकणारं फळ, असं नाव दिलं. तिथल्याच दगडातलं एक फूल व्ही. बी. शुक्ला यांनी 1944 मध्ये वर्णिलं आणि त्याला साहनींचं नाव दिलं. पुढे ध्यानात आलं की फूल आणि फळ एकाच झाडाचं. दगड कापून, घासून, पारदर्शक होईतो पातळ केला की त्या फुलाचा मिटलेला अंडाशय दिसतो, कप्प्याकप्प्यांचा. लाव्हा भोवती येऊन गेला तरी पोट मिटलेलंच.

आता वडाकडे येतो. आमच्या शहराचं नाव वटोदरावरून आलं असं मानतात: वडाचं उदर. 812 सालच्या ताम्रपटात ते वडपद्रक असं येतं. वटपौर्णिमेला सूत गुंडाळताना बायका वर बघतात तेव्हा पानांच्या बगलेत लाल फळांच्या जोड्या दिसतात. उंबर, वड, पिंपळ, अंजीर हे सगळे एकाच घराण्यातले. बाकीच्या फुलझाडांनी बीजांड मिटून घेतलं. या घराण्याने फुलांचा अख्खा तुराच पोटात घेतला. टोकाला एक बारीक भोक, तेही खवल्यांनी बंद.

मग पराग आत नेणार कोण? पिकलं उंबर फोडलं की भुर्रकन उडणारी चिलटं सगळ्यांनी पाहिली आहेत. जुन्या मराठीत त्यांना केंबरं असं खास नाव आहे. घाणीतून येणारे किडे म्हणून आपण त्यांना झटकतो, पण तीच या झाडाची सुईण. वडाचं केंबरू वेगळं, उंबराचं वेगळं. दोन मिलिमीटरच्या आसपासची, गांधीलमाशीची ही लहान बहीण अंगावर पराग घेऊन खवल्यांतून घुसते. घुसताना बहुतेकदा तिचे पंख तुटतात, त्यामुळे परत यायचा प्रश्न उरत नाही. आत ती फुलांना पराग लावते आणि अंडी घालते. ज्या फुलाचा कुक्षिवृंत आखूड, तिथे तिची नळी अंडाशयापर्यंत पोचते आणि तिथे तिची पिल्लं वाढतात. ज्याचा लांब, तिथे ती सहसा पोचत नाही, आणि तिथे वडाचं बी धरतं. पिल्लांत नर आधी बाहेर पडतात, बिनपंखी. माद्यांशी मीलन झालं की ते फळाच्या भिंतीला बोगदा पाडतात आणि संपतात. तोवर भोकाजवळची नरफुलं उमललेली असतात. माद्या त्यांचा पराग घेऊन बोगद्यातून निघतात. त्यांच्या हाती एखाद-दोन दिवसांचं आयुष्य. तेवढ्यात वाऱ्यावर तरंगत त्यांना दुसरा वड गाठायचा असतो, ज्याची फळं नेमकी कोवळी आहेत असा. रस्ता रुंद करताना एक वड गेला की आपण सावली गेली म्हणतो. केंबरांच्या साखळीतली एक कडी गेलेली असते, ती कुणी मोजत नाही.

पुरंदरच्या अंजिरात मात्र शोधूनही केंबरू मिळणार नाही. ती जात परागाशिवायच फळ धरते.

गेल्या दिवाळीत लहरीपुरा दरवाजावरून जाताना वर चुन्याच्या सांध्यात वडाचं रोप दिसलं. साळुंकी किंवा तांबटाने फळ खाल्लेलं असणार आणि बी तिथे पडलेलं. मुळं फोफावली तर कमानीचे दगड सुटतील, म्हणून ते काढायलाच हवं होतं. काही दिवसांनी शिडी लागलेली दिसली. काढणाऱ्या माणसाला मी खालून हाक मारली, "भाई, मूळ तोडशो नहीं, मने आपजो." त्याने चुन्याच्या ढेकळासकट ते माझ्या पिशवीत ठेवलं. तेव्हा पाच पानं होती, आज अकरा आहेत. शहराबाहेर एका स्नेह्याच्या शेताच्या बांधावर येत्या पावसात ते लावायचं ठरलं आहे. फळं धरायला त्याला बरीच वर्षं लागतील. तिथून सगळ्यात जवळचा फळता वड किती लांब आहे, ते मी या रविवारी चालत जाऊन बघणार आहे.